साध्या गाडीचा खट्याळपणा

आपल्याकडे कोणी नवी मोटार घेतली, की पेढा तोंडात टाकता टाकताच तीन प्रश्न विचारले जातात. पहिला, "केवढ्याला पडली?" दुसरा, "लिटरला किती जाते?" आणि तिसरा, आवाज अंमळ खाली आणून, "उद्या विकायची म्हटली तर किंमत येईल ना?" तिन्ही प्रश्न रास्त आहेत. मी स्वतः ते शेकडो वेळा विचारले आहेत. परंतु "चालवायला कशी वाटते हो?" हा चौथा प्रश्न मात्र गेल्या पन्नास वर्षांत माझ्या कानांवर फारसा आला नाही. तबला घेताना आपण त्यावर थाप मारून पाहतो, आंब्याची पेटी घेताना वास घेतो, पादत्राणे घेताना दुकानात दोन फेऱ्या मारतो. आणि जिच्यात घराखालोखाल पैसा ओततो, ती मोटार मात्र कागदावरचे आकडे पाहून घेतो!

हा चौथा प्रश्न मला सुचला तो फार उशिरा, वयाच्या बासष्टाव्या वर्षी. आणि तोही जिची मी सर्वांत जास्त थट्टा केली होती त्या गाडीत बसून. त्या गाडीकडे येणारच आहे. पण आधी थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे, कारण हा आनंद मला पूर्वी एकदा भेटून गेला होता आणि मी त्याला ओळखले नव्हते.

मोटार चालवायला मी शिकलो १९७२ साली, मुंबईत, काकांच्या फियाटवर. गाडी १९६६ ची, ११०० डिलाइट. फियाटसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत असत, तेव्हा काकांनी ती पुतण्याच्या हाती दिली हे त्यांचे औदार्यच म्हटले पाहिजे. रविवारी पहाटे आम्ही माटुंग्याच्या पाच बागांच्या भोवती फेऱ्या मारीत असू. गिअरची दांडी आजच्यासारखी खाली नव्हे, तर स्टिअरिंगच्या खाली आडवी बसवलेली. पुढची बैठक सलग, बाकासारखी. तिथे तिघे सहज मावत आणि लहान मूल असले तर चौघे. काकांचे म्हणणे असे, की गिअर हा ढकलायचा नसतो, तो 'बोलवायचा' असतो. क्लच दाबायचा, दांडी मधोमध आणायची, किंचित थांबायचे आणि मग दोन बोटांनी पुढच्या घरात सोडायची. घाई केली की गाडी दात खाई. काका मग शिक्षकाच्या गांभीर्याने म्हणत, "तिला राग आला. माफी माग आणि पुन्हा टाक."

महिनाभरात दांडी माझ्याशी बोलू लागली. बागांच्या वळणावर तिसऱ्यावरून दुसरा गिअर अचूक पडला की इंजिनाचा सूर एकदम चढे, गाडी वळणातून अलगद बाहेर येई, आणि उगाच हसू फुटे. मला वाटे, हे हसू गाडी शिकल्याचे आहे. पुढे नोकरी लागली, संसार सुरू झाला, एकामागून एक गाड्या आल्या. प्रत्येक गाडी आधीच्या गाडीपेक्षा मोठी, शांत आणि महाग होती. ते हसू मात्र परत आले नाही. मी ते वयाच्या खात्यावर टाकून मोकळा झालो.

फियाट ही मुंबईकरांच्या लेखी बिचारी गाडी. काळीपिवळी टॅक्सी, मीटर बाहेर लटकलेला, मागे चार मंडळी, डिकीत वळकटी. पण तिचे घराणे पाहिले तर ती काही इतकी बिचारी नव्हती. १९५३ साली इटलीत तूरिनच्या फियाट कारखान्याने ती काढली. दान्ते जियाकोसा हा तिचा शिल्पकार. इंजिन १०८९ सी.सी.चे. जुन्या गाड्यांसारखा वेगळा सांगाडा न ठेवता तिची काया एकसंध केल्यामुळे गाडी हलकी झाली होती, सगळी मिळून जेमतेम नऊशे किलो. साध्या कुटुंबासाठी काढलेली ही गाडी. पण तिचीच थोडी जास्त दमदार आवृत्ती इटालियन लोकांनी 'मिल्ले मिलिया' या हजार मैलांच्या प्रसिद्ध शर्यतीत पळवली. आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या विमानपट्टीवर शर्यती होत, तिथेही हौशी मंडळी फियाट आणि हेराल्ड गाड्या घेऊन उतरत. म्हणजे आठवड्याचे सहा दिवस कचेरीला नेणारी आणि सातव्या दिवशी संधी मिळाली तर उधळणारी अशी ही बाई होती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून ती आधी फियाट, मग प्रेसिडेंट आणि १९७४ च्या सुमारास पद्मिनी या नावाने बाहेर पडत राहिली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. मुंबईने तेव्हा हळहळ व्यक्त केली. आपणही त्या गर्दीत होतो.

हेराल्डचे नाव निघालेच आहे तर एक सांगून टाकतो. आमच्या चाळीसमोर एक डॉक्टर राहत, त्यांच्याकडे मद्रासच्या कारखान्यातली स्टँडर्ड हेराल्ड होती. ती सुमारे पंचवीस फुटांच्या वर्तुळात वळे. अरुंद गल्लीत डॉक्टर एकाच दमात गाडी फिरवून घेत, तेव्हा आम्ही पोरे टाळ्या वाजवीत असू आणि डॉक्टरांच्या गंभीर चेहऱ्यावर किंचित मिस्किल भाव येई. रोग्याकडे निघालेला माणूस असा का हसतो, हे कोडे मला तेव्हा सुटले नव्हते. आणि अँबॅसडर? तिला सगळे हत्तीण म्हणत. पण तिचे स्टिअरिंग दंतपट्टी आणि दातेरी चक्र या सरळ पद्धतीचे होते. ज्यांनी ती घाटात मन लावून चालवली आहे ते सांगतील, की हत्तीण असली तरी सांगितलेले ऐकत असे.

आता जरा विलायतेत जाऊ. कारण ह्या सगळ्या गमतीचे मूळ कशात आहे ते तिथल्या एका गाडीने जगाला दाखवून दिले. १९५६ साली सुएझ कालव्याचे प्रकरण पेटले आणि ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग आले. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनी आपल्या अभियंत्याला, अ‍ॅलेक इसिगोनिस यांना, सांगितले: चार माणसे बसतील, पेट्रोल कमी पिईल अशी लहान गाडी करा. इसिगोनिस यांनी काटकसरीची पराकाष्ठा केली. इंजिन आडवे बसवले, गिअरपेटी त्याच्याच पोटाखाली ठेवली, चाके फक्त दहा इंचांची घेतली आणि ती चार कोपऱ्यांत अगदी टोकाला नेली. स्प्रिंगांच्या जागी रबराचे शंकू बसवले. का, तर माणसांना जास्तीत जास्त जागा मिळावी. २६ ऑगस्ट १९५९ रोजी ही 'मिनी' लोकांपुढे आली. किंमत पाचशे पौंडांच्या आत, लांबी तीन मीटर पाच सेंटिमीटर, वजन सुमारे सहाशे किलो.

यात मौजेचा विचार कुठेच नव्हता. पण चाके कोपऱ्यांत गेल्यामुळे गाडी वळणावर झुकेना. वजन नसल्यामुळे स्टिअरिंग फिरवायचा अवकाश, नाक तिकडे वळू लागले. शर्यतीच्या गाड्या बांधणारे जॉन कूपर यांच्या हे तत्काळ ध्यानात आले. गंमत पाहा, मिनीला शर्यतीत उतरवण्याची कल्पना खुद्द इसिगोनिस यांना पसंत नव्हती. त्यांच्या मते ही सामान्य माणसाची गाडी! पण १९६१ साली 'मिनी कूपर' निघाली आणि १९६४ च्या माँटे कार्लो रॅलीत पॅडी हॉपकर्कने ती घेऊन दांडग्या अमेरिकन फोर्ड गाड्यांना मागे टाकले. १९६५ आणि १९६७ साली पुन्हा मिनीच पहिली. मधल्या १९६६ सालीही तीच पहिली आली होती, परंतु पुढच्या दिव्यांच्या नियमावर बोट ठेवून तिला बाद करण्यात आले. तो वाद अजून मिटलेला नाही आणि मिटूही नये. अशा वादांवरच क्लबांतल्या संध्याकाळी जातात.

मग काय विचारता! बीटल्सनी मिनी घेतल्या, नटनट्यांनी घेतल्या. काटकसरीसाठी जन्मलेली गाडी प्रतिष्ठेची झाली. मिनीची लांबी आणि वजन मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावे. सुमारे तीन मीटर, सुमारे सहाशे किलो. कारण आता ज्या गाडीकडे आपण वळणार आहोत, तिचीही लांबी तीन मीटर दहा सेंटिमीटर आणि वजन सहाशे किलोच आहे. तिचाही वेगदर्शक काटा मिनीसारखाच चालकासमोर नसून मधोमध आहे. नशीब मात्र नेमके उलटे.

ती गाडी म्हणजे नॅनो.

१० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात रतन टाटांनी ती लोकांपुढे आणली, तेव्हाचा गाजावाजा अनेकांना आठवत असेल. पावसात एका स्कूटरवर भिजत चाललेले चौघांचे कुटुंब त्यांनी पाहिले आणि अशा कुटुंबाला परवडेल अशी गाडी असावी हा ध्यास घेतला, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. लाखाची गाडी! २००९ साली दोन लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरले आणि पहिल्या लाखभर गाड्यांसाठी सोडत काढावी लागली. त्या सोडतीत महाडच्या आमच्या ताईचा नंबर लागला.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. शाळेत गणित आणि विज्ञान शिकवून २००८ साली निवृत्त झाली. भावोजी आधीच गेलेले. निवृत्तीनंतर बायका तीर्थयात्रेला जातात. ताई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेली. २०१० साली गाडी दारात आली आणि तिचा मला फोन आला, "नाना, तुझ्या नावाची गाडी घेतलीय!" घरात मला नाना म्हणतात. पुढची कित्येक वर्षे या श्लेषाने माझा पिच्छा पुरवला. शाळेतल्या मुलींना ती सांगे म्हणे, "लहान आहे, आवाज फार करते, पण वेळेला उपयोगी पडते. अगदी आमच्या नानासारखी."

मीही मागे राहिलो नाही. नॅनोला मी रिक्षा म्हणालो, साबणाची डबी म्हणालो, मोटारीचे पिल्लू म्हणालो. माझ्या दाराशी तेव्हा एक लांबलचक, करड्या रंगाची, पुढे चार बिल्ले मिरवणारी गाडी होती ना! आणि २०११ साली मुलीच्या लग्नात तर मी कहर केला. ताई महाडहून एकटी गाडी चालवत पुण्याच्या कार्यालयात आली. मागच्या बैठकीवर रुखवताचे डबे, पुढे नारळाचे पोते. मी दारातच तिला गाठले आणि म्हणालो, "ताई, पुढे व्याह्यांच्या गाड्या लागायच्या आहेत. तुझी जरा मागच्या बोळात लावतेस का?" ती "बरं" म्हणाली. गाडी मागे घेतली आणि डबे बोळातून उचलून आणले. मला त्यात काही वावगे केल्याचे वाटले नाही, हेही इथे नमूद केले पाहिजे.

२०१५ च्या भाऊबिजेला ताई नेहमीप्रमाणे गाडी घेऊन पुण्याला आली. दुसऱ्या दिवशी आमच्या जिन्यावर तिचा पाय घसरला, मनगटाचे हाड मोडले आणि हात प्लास्टरात गेला. तिला घरी पोचवायचे, आणि तिची गाडीही पोचवायची. चिरंजीव आमची मोठी गाडी घेऊन सासुरवाडीला गेलेले. तेव्हा ती किल्ली मी हातात घेतली. ओळखीचे कोणी पाहत नाही ना, हे आधी पाहिले.

पहिली फजिती पेट्रोल पंपावर. पंपावरचा मुलगा झाकण शोधत गाडीभोवती प्रदक्षिणा घालू लागला आणि मीही त्याच्यामागून. ताई आत बसून मजा पाहत होती. शेवटी म्हणाली, "बॉनेट उघड." ताईच्या त्या पहिल्या नॅनोत पेट्रोल भरायचे ते पुढच्या बॉनेटखाली, स्टेपनीही तिथेच. इंजिन मागे, पाठच्या बैठकीखाली. दोनच सिलिंडर, ६२४ सी.सी., ३५ अश्वशक्ती आणि चार गिअर. पुढचे टायर अरुंद, मागचे त्याहून रुंद, कारण वजनाचा मोठा भाग मागे.

कात्रजच्या पुढे सातारा रस्त्यावर विशेष काही घडले नाही. हमरस्ता हा काही या गाडीचा प्रांत नव्हे. डावी बाजू धरून साठच्या वेगाने गुमान जात राहिलो. कापूरहोळला उजवीकडे वळून भोर गाठले, चहा घेतला. भोरच्या पुढे रस्ता अरुंद होतो आणि नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने वळत वळत वरंध घाटाकडे निघतो. पाऊस संपून महिना झाला होता. गवत सोनेरी होऊ लागले होते, पाणी निळे, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि इथेच तो प्रकार सुरू झाला.

पहिल्या दोन वळणांवर मी सवयीप्रमाणे वागलो. मोठ्या गाडीत वळण आले की आधी ब्रेक, मग चाक फिरवायचे, मग गाडीच्या मनात वळायचे येईपर्यंत वाट पाहायची. इथे वाट पाहावीच लागेना! पुढे इंजिनाचे ओझे नाही, त्यामुळे स्टिअरिंगला यांत्रिक मदत नसूनही ते पंचपाळ्यासारखे हलके. नजर जिकडे, नाक तिकडे. तिसऱ्या वळणाला मी ब्रेकवरचा पाय काढला. चौथ्याला ताई म्हणाली, "गिअर वळणाच्या आधी टाक. वळणात शिरल्यावर नको." मी आधी दुसरा टाकला. मागून फटफट सूर चढला, आणि पाठीवर हात ठेवून कोणी हळूच पुढे ढकलावे तशी गाडी वळणातून बाहेर पडली.

आणि मला हसू फुटले. तेच हसू, पाच बागांचे, १९७२ चे.

पुढचा तासभर मी बोललो नाही. त्या गाडीत ताकद बेताचीच. त्यामुळे कमावलेला वेग उधळून चालत नाही. चढावर वेग गेला तर पुन्हा मिळवायला वेळ लागतो. म्हणून पुढचे वळण आधीच वाचायचे, गिअर आधीच ठरवायचा, ब्रेक काटकसरीने वापरायचा. महिनाअखेरीचा हिशेब सांभाळणाऱ्या गृहिणीसारखे हे काम आहे. आणि हिशेब जुळला की त्या गृहिणीला जे समाधान होते तेच इथे होते. गाडीची रुंदी दीड मीटरच्या आत, म्हणून त्या अरुंद रस्त्यावरही वळण कापायला मोकळी जागा उरते. समोरून एसटी आली तेव्हा मी सहज कडेला झालो. एसटीच्या ड्रायव्हरने हात केला. मोठ्या गाडीतून जाताना कुठल्याही एसटीवाल्याने मला हात केल्याचे आठवत नाही.

मधोमधच्या काट्याकडे एकदा पाहिले. मला वाटले सत्तर तरी असेल. होता चाळीस!

"तू गप्प का?" ताईने विचारले. मी म्हणालो, "ही वळते कशी ग इतकी?" तिच्यातली शिक्षिका जागी झाली. "त्यात काय कोडं आहे? गाडीला सरळ जायचं असतं. वळवायला जोर लागतो आणि तो वस्तुमानाच्या प्रमाणात लागतो. तुझ्या गाडीचं वजन किती?" मी अंदाजाने दीड टन सांगितले. "मग हिच्यापेक्षा अडीचपट जोर लागणार. तो चाकांनी द्यायचा, टायरांनी सोसायचा. एवढं ओझं वळवायचं, तेही तुला धक्का न लावता, म्हणून मग मध्ये गाद्या, पंप, मोटारी घालायच्या. रस्ता काय म्हणतोय ते तुझ्या हातापर्यंत पोचणार कसं?" नववीच्या वर्गातला मुलगा जसा मान हलवतो तशी मी मान हलवली.

परंतु मला त्यातून एक गोष्ट उमगली, जी भौतिकशास्त्राच्या पुस्तकात नाही. ही मौज कोणी घातलेली नव्हती. ती काटकसरीच्या पोटी आलेली होती. पैसे वाचवायचे म्हणून पत्रा कमी, पत्रा कमी म्हणून वजन कमी, वजन कमी म्हणून छोटे इंजिन, लहान चाके, साधे स्टिअरिंग. आणि हे सगळे उरकल्यावर जे शिल्लक राहिले ते म्हणजे चालक, रस्ता आणि त्यांच्यामधली अगदी पातळ भिंत. मिनीत हेच झाले होते. फियाटचीच १९५७ ची चिमुकली '५००', तीही जियाकोसांचीच आणि तीही दोन सिलिंडरांची, मागे इंजिन असलेली. तिच्यातही हेच झाले. इंग्रजांनी आणि इटालियनांनी ती मौज ओळखली आणि त्या गाड्या मिरवल्या. आपण नॅनोवरची 'सर्वांत स्वस्त' ही चिठ्ठी वाचली आणि नाक मुरडले. स्वतः रतन टाटांनीही पुढे बोलून दाखवले, की सर्वांत स्वस्त म्हणून तिचा बोलबाला झाला हे चुकले. ज्याला आयुष्यभर काटकसर करावी लागली, त्याला काटकसर दारात उभी केलेली आवडत नाही.

घाटमाथ्यावर वाघजाईचे देऊळ आहे, शेजारी भज्यांच्या टपऱ्या. गाडी थांबवली. खाली दरीत शिवथरघळीच्या बाजूचा परिसर धुक्यात बुडालेला. कांदाभज्यांची बशी मधे ठेवून मी म्हणालो, "ताई, चुकलो मी. फार मजेची गाडी आहे ग ही."

तिने डाव्या हाताने भजे उचलले, फुंकर मारली आणि म्हणाली, "बोळात लावायला सांगितलीस त्या दिवशीही एवढीच मजेची होती."

चार वर्षे ती हे बोलली नव्हती. मला काय उत्तर द्यावे कळेना. मी माकडांकडे पाहत राहिलो.

"ते जाऊ दे," तीच म्हणाली. "मला त्या दिवशी वाईट वाटलं, पण गाडीचं नव्हतं वाटलं. ह्याच घाटातून पहाटे एकटी आले होते रे. पहिल्यांदाच. कुणाला तरी सांगायचं होतं."

आता एक गोष्ट लपवून चालणार नाही, नाहीतर मी वाचकांची फसवणूक केल्यासारखे होईल. ज्या हलकेपणाचे एवढे गोडवे गायले, त्याला दुसरी बाजू आहे. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या काही लहान गाड्यांच्या धडक-चाचण्यांचे निकाल जाहीर केले. नॅनोला मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी एकही तारा मिळाला नाही. त्याच वेळी तपासलेल्या इतर लोकप्रिय लहान गाड्याही शून्यावरच होत्या, पण त्याने समाधान करून घेण्यात अर्थ नाही. आजच्या गाड्यांचे वजन वाढले आहे ते उगाच नव्हे. त्यात जीव वाचवणारे पोलाद आहे, हवेच्या पिशव्या आहेत. नातवंडांना घेऊन जायचे असेल तर मी आजही जड गाडीच काढतो, आणि काढावी. पण एवढेच वजन वाढले आहे असेही नाही. छताला खिडकी, खुर्चीला पंखा, पडदे भिंतीएवढे. त्यांचे वजन कोणाचा जीव वाचवते हे मला कोणी समजावून सांगावे.

नॅनोचा शेवट उदास करणारा झाला. दोन लाख लोकांनी आधी पैसे भरलेल्या त्या गाडीला गिऱ्हाईक उरले नाही. २०१८ च्या जूनमध्ये साणंदच्या कारखान्यातून महिनाभरात फक्त एक नॅनो बाहेर पडली. त्यानंतर थोडक्याच काळात सगळे थांबले.

ताईने पंचाहत्तरीला स्वतःहून गाडी चालवणे सोडले. "डोळे आता वळण उशिरा वाचतात," एवढेच म्हणाली. २०२५ साली गाडीची पंधरा वर्षांची मुदत संपत आली, तेव्हा भाच्याने भंगारवाल्याशी बोलणे लावले होते. मी महाडला गेलो आणि भाच्याला चार शब्द सुनावून गाडी घेऊन आलो. आरटीओत दोन खेपा घालाव्या लागल्या. तिथल्या साहेबांनी गाडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "आजोबा, हिच्यात खर्च कशाला करता? विकून येणार किती?" मी म्हणालो, "साहेब, एक फेरी मारून या." ते तपासणीसाठी म्हणून बसले. आवारातल्या आवारात दोन फेऱ्या पुरल्या असत्या, त्यांनी चार मारल्या. मुदत पाच वर्षांनी वाढवून मिळाली.

आमच्या सोसायटीत गाड्या लावायला पुढच्या फाटकाशी एक जागा आहे. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर आधी तिथेच पडते. इतकी वर्षे तिथे मोठी गाडी असे. ती आता मागे, पाण्याच्या टाकीजवळ लावतो.

वरंध घाट पावसाळ्यात बंद असतो. यंदा तो उघडला की भाऊबिजेला मीच महाडला जायचे ठरवले आहे, एकटा आणि पहाटे. ताईला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "ये. पण उतारावर दुसऱ्या गिअरमध्येच ठेव. आणि घाट उतरलास की वरंध गावातून फोन कर मला, कसा झाला ते सांग."